दुसऱ्या सहीची जागा

पाडव्याला शनिवार होता. दोन नोव्हेंबर. मी दुपारी वेस्ट विंडसरहून एडिसनला निघाले तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर लायब्ररीची चार पुस्तकं होती, आणि ती आज परत गेली नाहीत तर मुदत टळेल, एवढीच माझी काळजी होती. ओक ट्री रोडवर लोक मिठाईच्या दुकानासमोर गाड्या आडव्यातिडव्या लावून आत पळत होते. मी बाबांसाठी करंज्या घेतल्या. दर वर्षी घेते, दर वर्षी एक खाऊन ते म्हणतात, "ठीक आहेत."

घरी पोचले तेव्हा ते दिवाणखान्यात स्टुलावर उभे होते आणि छतावरच्या स्मोक अलार्मची बॅटरी काढत होते.

"बाबा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर?"

"निरांजन लागलं की हा बोंबलतो. मग फायर ब्रिगेड येते. मग त्यांनाही चिवडा द्यावा लागतो."

पाडव्याला मुलीने वडिलांना ओवाळायचं. आई होती तेव्हा आधी ती ओवाळायची आणि मग मी. गेली नऊ वर्षं मी एकटीच. बाबा पाटावर बसले, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर हातरुमाल ठेवला. मी कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. मग ओवाळणी म्हणून त्यांनी सोफ्यामागून एक खोका काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. गडद निळा खोका, वर सोनेरी अक्षरं. बॅलकॅरन, दीडशे वर्षं.

"मला? व्हिस्की?"

"कंपनीने जुन्या लोकांना दिलीय. माझ्याकडे राहिली तर तुला काळजी. तुझ्याकडे राहिली तर कुणालाच काळजी नाही."

बाबा रसायनशास्त्राचे. नागपूरहून आम्ही या देशात आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यानंतर त्यांनी इथल्याच एका बॉटलिंग प्लँटमध्ये एकतीस वर्षं काढली. बॅलकॅरन ही ब्लेंडेड स्कॉच. स्कॉटलंडहून मोठ्या टाक्यांतून यायची, इथे पाणी घालून चाळीस टक्क्यांवर आणायची आणि बाटल्यांत भरायची. बाबा लॅबमध्ये होते. मीही त्याच वाटेने गेले. औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये आहे. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की कुठलाही आकडा एकट्या माणसाचा नसतो. ज्याने मोजलं त्याने सही करायची, आणि ते मोजताना ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने शेजारी सही करायची. दुसरी सही नसेल तर मोजमाप झालंच नाही असं धरतात.

हा नियम आमच्या घरात कसा आला तेही सांगायला हवं.

आई, शैलजा तिचं नाव, सोळा मे २०१५ला, शनिवारी संध्याकाळी गेली. छातीत दुखायला लागलं तेव्हा बाबांचे दोन पेग झाले होते. ड्राइव्ह करायची त्यांची हिंमत झाली नाही. मी तेव्हा मेटुचनला राहायचे, गाडीने आठ मिनिटांवर. ॲम्ब्युलन्सला बोलावलं त्याला उशीर झाला. वीस मिनिटं आधी आली असती तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी बाबांना म्हणाले, "तुम्ही प्यायला नसतात तर आई वाचली असती." दहाव्या दिवशी पोळीचा तुकडा हातात धरून त्यांनी एकदाच विचारलं, "त्या दिवशी तुझा फोन बंद होता का गं?"

मी म्हणाले, "चार्जिंगला होता. दुसऱ्या खोलीत."

त्यांनी मान हलवली आणि पोळी खाल्ली.

ते खरं नव्हतं. हे मी आजवर कुणाशी बोलले नव्हते.

त्यानंतर मी वेस्ट विंडसरला राहायला गेले. आणि बाबांनी आपणहून एक पद्धत सुरू केली. आठवड्यात एकदाच, शनिवारी सातला, एकच पेग. डॉक्टर तीस मिलिलिटर म्हणत होते, बाबा पन्नास म्हणत होते, तडजोड चाळीसवर झाली. प्यायचं, मग बाटलीच्या लेबलवर उरलेल्या व्हिस्कीच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारायची, तारीख घालायची, शेजारी 'म', म्हणजे मनोहर, आणि त्याच्या शेजारी एक छोटा रिकामा चौकोन. सव्वासातला त्याचा फोटो मला यायचा. मी अंगठा पाठवायचे. नऊ वर्षं. एकही शनिवार चुकला नाही. ही शिक्षा आहे हे आम्हा दोघांना कळत होतं. ती कोणी कोणाला दिली आहे ते फक्त मला माहीत होतं.

त्या पाडव्याला मी पहिल्यांदाच शनिवारी सात वाजता त्या घरात होते. बाबांनी खोक्यातली पुस्तिका काढली आणि चष्मा लावून मला वाचून दाखवू लागले. बॅलकॅरन हा एका बंदरगावातला किराणा दुकानदार. चहा मिसळायचा, तशीच व्हिस्की मिसळायला लागला. प्रत्येक नव्या मिश्रणात आधीच्यातलं थोडं राखून घालायचा.

"विरजण," बाबा म्हणाले. "शैलजा रोज करायची. तिला कुणी पुस्तिका नाही छापली."

पुढे एका वहीच्या पानाचा फोटो होता. दुकानदाराच्या हातचं शेवटचं मिश्रण, १९०२. प्रत्येक ओळीपुढे दोन सह्या, त्याची आणि त्याच्या मुलीची. शेवटच्या ओळीपुढे एकच. मुलीने सही का केली नाही हे कुणालाच ठाऊक नाही, आणि दीडशेव्या वर्षाची ही खास व्हिस्की त्याच ओळीवरून पुन्हा तयार केली आहे, असं खाली लिहिलं होतं.

"सगळं मार्केटिंगवाल्यांचं. एकतीस वर्षांत मी या मुलीचं नावसुद्धा ऐकलं नाही." पण पान उलटताना ते थोडे थांबले. "सह्यांचं मात्र खरं असेल. ती पद्धत जुनीच आहे."

मग ते म्हणाले, "फोडूया का आज? तू एक घोट घे. बारकासा."

"आज नको बाबा. ड्राइव्ह करायचंय."

"ते खरंच."

त्यांनी रोजच्या बाटलीतून मापून चाळीस घेतली. माझ्यासमोर पिताना ते अवघडले होते, पाहुण्यासारखे. सव्वासातला रेघ मारली, तारीख घातली, 'म' लिहिला, चौकोन काढला. आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"आज समोर आहेस तर अंगठा नको. सही कर."

"पुढच्या शनिवारी करते. तेव्हा ही नवीनही फोडू. राहायलाच येते."

"पक्कं?"

"पक्कं."

दारात त्यांनी चिवड्याचा डबा दिला. "आज रात्री हिवाळ्याची वेळ लागते, घड्याळं एक तास मागे करायची आहेत. विसरू नको. आणि पोचलीस की फोन कर."

मी पोचले आणि मेसेज केला.

रविवारी सकाळी शेजारच्या शोभाकाकू फराळाचं ताट द्यायला गेल्या तेव्हा दार उघडलं नाही. त्यांच्याकडे किल्ली होती. बाबा पलंगावर होते. रात्री बारा ते एकच्या मध्ये, असं आम्हाला सांगण्यात आलं. घरातली सगळी घड्याळं एक तास पुढे होती. दर वर्षी ते झोपण्यापूर्वी ती मागे करून ठेवायचे. या वेळी राहिलं होतं.

*

तेरा दिवस गेले, तसे गेले. खोका मी पाडव्याच्या रात्रीच घरी आणून पुस्तकांच्या कपाटात ठेवला होता, तो एकवीस नोव्हेंबरला, गुरुवारी, पहिल्यांदा उघडला. बाटलीच्या तोंडावर लाल मेणाचं सील होतं, अभंग. कंपनीचा शिक्का स्पष्ट. आत व्हिस्की मानेच्या खाली, खांद्यापर्यंत उतरलेली होती.

नवी बाटली मानेपर्यंत भरलेली असते. मला वाटलं, भरतानाच कमी भरली.

प्लँटच्या लॅबमध्ये अनिश आहे. बाबांनी त्याला शिकवलं. तेविसाव्या तारखेला, शनिवारी सकाळी, मी बाटली घेऊन गेले. त्याने सील भिंगाखाली पाहिलं, बाटली उलटी धरली, टिश्यू पेपरवर आडवी ठेवली. कागद कोरडा.

"इलाताई, सील परफेक्ट आहे. लीक नाही. इव्हॅपोरेशन म्हणशील तर ऐंशी एमएल उडायला आपण दोघं रिटायर होऊ."

"मग कमी भरली असेल."

"हा खास लॉट आहे ताई. प्रत्येक बाटलीचं वजन केलंय, दोन सह्या आहेत." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सातशे पन्नास. काका असते तर अशी बाटली लाइनवरून पुढे गेली असती का? मला उभं आडवं झोडलं असतं."

आम्ही दोघंही हसलो. त्याने बाटलीचं वजन एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

संध्याकाळी घरी मी किचनच्या वजनकाट्यावर ती ठेवली. चिठ्ठीपेक्षा अडतीस ग्रॅम कमी. स्वयंपाकघरातला काटा, अडतीस ग्रॅमची चूक करू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं. चाळीस टक्क्यांच्या चाळीस मिलिलिटर व्हिस्कीचं वजन अडतीस ग्रॅम भरतं, हेही मला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात मी रोज सकाळी आणि रात्री वजन घेतलं. एकाच काट्यावर, एकाच जागी. रविवार ते शुक्रवार एक ग्रॅमही हललं नाही. तीस नोव्हेंबरला, शनिवारी, मी बाटली टेबलावर ठेवून समोर बसले. सातला बाबा ग्लास घेऊन बसायचे, म्हणून मी सातची वाट पाहणार होते. सहाला पातळी जिथे होती तिथे होती. सहा वाजून चौदा मिनिटांनी प्रिन्स्टन जंक्शनहून निघालेली ट्रेन खिडकीखालून गेली, काचा किंचित थरथरल्या. मी खिडकीकडे पाहिलं. परत पाहिलं तेव्हा घड्याळात सहा पंधरा झाले होते आणि पातळी उतरली होती.

काट्यावर अडतीस ग्रॅम कमी.

मी बराच वेळ विचार केला की सव्वासहा का. सव्वासात का नाही. मग लक्षात आलं, आणि मी उठून घरातले सगळे दिवे लावले.

बाबांनी घड्याळ मागे केलं नव्हतं.

*

मी हे कुणाला सांगितलं नाही. शोभाकाकूंचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. "जेवलीस का? काय जेवलीस? ते ओट्स वगैरे नको सांगू मला." मी वरण-भात म्हणायचे. त्या म्हणायच्या, "तुझे बाबा तुझ्याबद्दल काय बोलायचे माहीत आहे? इलाचं सगळं काटेकोर. एकदा तिने पाहिलं म्हणजे पाहिलं." मी फोन ठेवायचे.

घर विकायचं होतं. बाबांच्या बेसमेंटमध्ये रिकाम्या बाटल्या सापडल्या, सत्तावीस, धुऊन, तारखेने ओळीत लावलेल्या. प्रत्येकीच्या लेबलवर रेघांची शिडी. म आणि चौकोन, म आणि चौकोन. मी दर आठवड्याला अंगठा पाठवत होते आणि ते दर आठवड्याला चौकोन रिकामा ठेवत होते. मी एक बाटली उचलून मांडीवर घेऊन बसले. बाहेर मूव्हर्सचा माणूस विचारत होता की हे पण न्यायचं का. त्याने मग स्वतःच एकेक बाटली कागदात गुंडाळायला घेतली, कपबश्या गुंडाळाव्यात तशी.

डिसेंबरच्या मध्यावर पातळी लेबलापर्यंत आली.

या बाटलीचं मागचं लेबल लांब आहे, खांद्याच्या बरंच खालून तळाच्या कडेपर्यंत. पुढून पाहिलं की व्हिस्कीच्या आरपार त्याची कोरी पांढरी पाठ दिसते. एकवीस डिसेंबरला, सहा वाजून वीस मिनिटांनी, मला त्या पांढऱ्या पाठीवर एक रेघ दिसली. पेन्सिलची, थेट नव्या पातळीला टेकलेली. रेघेपुढे २१-१२. त्यापुढे म. त्यापुढे छोटा चौकोन.

मी बाटली फिरवली. लेबलावर बाहेरून काहीच नव्हतं. लेबलाच्या कडा नखाने चाचपल्या. चारी बाजूंनी घट्ट चिकटलेल्या. रेघ काच आणि कागद यांच्या मध्ये होती.

त्यानंतर दर शनिवारी एक.

जानेवारीत मी अनिशला घरी बोलावलं. मला दुसऱ्या कुणीतरी ते पाहायला हवं होतं. इतक्या वर्षांची सवय. त्याने बाटली खिडकीपाशी उजेडात धरली. बराच वेळ धरली. त्याच्या कपाळावर आठी पडली ती गेलीच नाही.

"ताई, हे लेबल लावायच्या आधीच कुणीतरी लिहिलं असणार. कुणाची तरी मस्करी."

"यात गेल्या शनिवारची तारीख आहे."

त्याने बाटली पुन्हा डोळ्यांजवळ नेली. मग हळूच म्हणाला, "हा दोनचा आकडा काकांचा आहे. शेपटी अशीच वर ओढायचे. माझ्या सगळ्या रिपोर्टांवर आहे." बाटली त्याने दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, भरलेला दिवा ठेवावा तशी. जॅकेट घातलं. दारात थांबून म्हणाला, "काकांना एक गोष्ट सहन व्हायची नाही, माहीत आहे ना? सेकंड सही राहिलेली. रात्री फोन करायचे, रेकॉर्ड ओपन आहे म्हणून." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "यातली सगळी रेकॉर्ड्स ओपन आहेत, ताई."

त्यानंतर त्याने बाटलीबद्दल कधी विचारलं नाही. मीही त्याला कधी सांगितलं नाही.

गणित सोपं होतं. सातशे पन्नास. दर शनिवारी चाळीस. अठरावा शनिवार आठ मार्चला, तेव्हा तीस मिलिलिटर उरणार. एकोणिसावा शनिवार पंधरा मार्च. त्या दिवशी बाटली संपणार होती. संपल्यावर काय होईल हे मला माहीत नव्हतं. बहुधा काहीच नाही, आणि त्याचीच मला भीती होती. इतके महिने दर शनिवारी सव्वासहाला बाबा माझ्यासमोर बसून जात होते, आणि मी समोर बसून पातळी मोजत होते. बोलायचं ते मी बोलले नव्हते. नऊ वर्षं बोलले नाही तसंच.

प्रयत्न केला. फेब्रुवारीत एकदा मी "बाबा" एवढं म्हणाले. स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज येत होता. मी उठून भांडी घासायला घेतली.

आठ मार्चला पातळी तळापासून बोटभर उरली. ८-३, म, चौकोन. त्या रात्री उन्हाळ्याची वेळ लागली, घड्याळं एक तास पुढे गेली. बाबांचं आणि माझं घड्याळ पुन्हा एक झालं.

*

पंधरा मार्चला मी दुपारपासून काही वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सहाला बाटली टेबलावर ठेवली. शेजारी बाबांचा पन्नास मिलिलिटरचा काचेचा मापक आणि दोन ग्लास. दोन का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

सव्वासहाला काही झालं नाही. मला अपेक्षाही नव्हती.

सातला मी समोरची खुर्ची थोडी मागे ओढली, बसणाऱ्याला जागा हवी तेवढी.

सात पंधरा झाले. मी नजर हलवली नाही. पातळी हलली नाही.

सात वीस.

सात पंचवीस. तीस मिलिलिटर तसंच होतं.

मला आधी वाटलं, संपलं. आता ते येणार नाहीत. मग आठवलं की चाळीसला कमी पडणारा पेग बाबा कधीच घ्यायचे नाहीत. उरलेलं ते दुसऱ्यासाठी ठेवायचे.

पुढच्या शनिवारी, असं मी म्हणाले होते. पक्कं, असं म्हणाले होते.

मी सुरी घेऊन मेण कापलं. ते कडक होतं, तुकड्या-तुकड्यांनी निघालं. आत बूच होतं. कधीच न काढलेलं बूच घट्ट असतं, पीळ देऊन ओढावं लागतं. हे बोटांनी धरताच सहज वर आलं, दर आठवड्याला उघडणाऱ्या बाटलीच्या बुचासारखं. खालून ओलं होतं.

मापकात ओतली. बरोबर तीस.

दोन ग्लासांत पंधरा-पंधरा केली. माझा उचलला. मी कधीच प्यायलेली नाही. घसा जळला, मग मध आणि जुन्या लाकडासारखं काहीतरी उरलं, आणि त्याच्या मागे बाबांच्या शनिवारच्या स्वेटरचा वास. मी लहान असताना त्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून झोपायचे. कधीपासून तो वास मला नकोसा झाला, आठवत नाही.

रिकामी बाटली मी दिव्यासमोर धरली.

आठ मार्चच्या रेघेखाली बोटभर पांढरी जागा होती. ओतण्यापूर्वी ती कोरी होती. मी पाहिली होती.

आता तिथे अगदी तळाशी एक रेघ होती.

तारीख पंधरा मार्चची नव्हती.

१६-५-१५. पुढे वेळ, ७:५२. आजवर त्यांनी कधीच वेळ घातली नव्हती. पुढे म.

आणि त्यापुढचा चौकोन रिकामा नव्हता.

त्यात इ होती. माझी. खालची शेपटी उलट्या बाजूला वळलेली. मी सहा वर्षांची असताना बाबांनी हात धरून शिकवली, आणि ती मला अजून सरळ काढता येत नाही.

मी बाटली खाली ठेवली. समोरच्या खुर्चीकडे पाहायचा धीर नव्हता म्हणून टेबलाकडे पाहिलं. माझा ग्लास माझ्यापुढे रिकामा होता. पलीकडच्या ग्लासाखाली टेबलावर ओलं वर्तुळ उमटलं होतं, कुणी तो उचलून परत थोडा बाजूला ठेवावा तसं.

घड्याळात सात बावन्न झाले होते.

मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी फोन चार्जिंगला नव्हता. माझ्या हातात होता. सात बावन्नला स्क्रीनवर घर असं नाव आलं. मला वाटलं तुमचे दोन झाले असतील, प्लँटच्या त्याच गोष्टी सांगाल. मी वाचत होते. पान संपवायचं होतं, म्हणून फोन उपडा ठेवला. सहा वेळा वाजला, मी मोजलं. आई तुमच्यामुळे नाही गेली. मी पाहिला होता फोन, बाबा. मी पाहिला होता."